लाल दोऱ्याची बाटली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या सोबत्यांना नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. सात वर्षं झाली. सांगायचंच असं ठरवून दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो, आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो.

गोष्ट गवत कापायच्या मशीनची आहे. आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात? मीही स्वतःला बरीच वर्षं हेच म्हणत आलो. मशीन तर दुरुस्तसुद्धा झालं. आजही चालतंय. मग — मग काय? थांबा, सांगतो. मला जरा लांबून यावं लागणार आहे.

निलंग्यापासून बारा किलोमीटरवर, कर्नाटकाच्या अंगाला असलेल्या एका गावात मी शिक्षक होतो. विषय विज्ञान. त्यातही इंजिन हा माझा लाडका भाग. पुस्तकात त्यावर चार ओळी असतील-नसतील, मी दोन तास घ्यायचो. फळ्यावर रंगीत खडूंनी पिस्टन काढायचो, सिलिंडर काढायचो, पेट्रोल कुठून आत येतं, धूर कुठून बाहेर जातो, सगळं बाण दाखवून. मोटारसायकलच्या इंजिनात तेल वेगळं असतं आणि छोट्या मशीनमध्ये ते पेट्रोलातच मिसळावं लागतं, हे तर मी पोरांकडून तीन-तीनदा म्हणून घ्यायचो. हे लक्षात ठेवा. तेल पेट्रोलातच मिसळावं लागतं, हे मला पक्कं माहीत होतं.

पावसाळा सरला की आमच्या शाळेभोवती, दवाखान्याच्या मागं, स्मशानाच्या वाटेवर गाजर गवत कमरेएवढं वाढायचं. पोरांच्या अंगाला खाज सुटायची. म्हणून ग्रामपंचायतीनं मशीन आणलं — खांद्याला पट्ट्यानं अडकवायचं, मागं पेट्रोलचं छोटं इंजिन, पुढं लांब नळी, आणि टोकाला गरागरा फिरणारी नायलॉनची दोरी. ठेवायला भरवशाची जागा म्हणून शाळेची सामानाची खोली ठरली. तिची एक किल्ली माझ्याकडे आणि दुसरी मशीन चालवणाऱ्याकडे.

चालवायला आधी दोघं-तिघं मोठ्या उत्साहानं पुढं आले. एकाच्या नडगीवर खडा उडाला, दुसऱ्याचा खांदा भरून आला, तिसऱ्याला ते चालूच करता येईना. आठवड्यात मशीन कोपऱ्यात. मग एक दिवस सुभद्राबाई पंचायतीत जाऊन उभ्या राहिल्या. इतकी वर्षं हेच गवत त्या विळ्यानं कापत होत्या. पंचेचाळिशीच्या, अंगानं किडकिडीत, घर विहाराच्या पलीकडच्या आळीत. लहान-थोर सगळे त्यांना अक्का म्हणायचे. त्या सरपंचांना म्हणाल्या, "इळ्यानं मीच कापत होते, आता मशीननं बी मीच कापते." बसलेली मंडळी हसली. पण दुसरं कुणी तयारच नव्हतं, म्हणून दिलं.

पहिल्या दिवशी अक्कांनी मशीन चालूच केलं नाही. शाळेच्या वऱ्हांड्यात पोतं अंथरलं आणि ते उलगडायला घेतलं. जो भाग निघेल तो आधीच्या शेजारी, ओळीनं. संध्याकाळी तीच ओळ उलट्या बाजूनं उचलत सगळं परत जोडलं. मी वर्गाच्या खिडकीतून बघत होतो. एकही स्क्रू उरला नाही. माझ्या रंगीत आकृतीत जे भाग मी काढायला विसरत होतो, तेही त्या ओळीत होते. मला हेवा वाटला का? वाटला असेल. पण त्याहून जास्त कौतुक वाटलं, आणि ते आजही वाटतं.

पुढं त्यांच्याकडून मी जे शिकलो ते मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नाही. एकदा मशीन चालू होईना. मी पुढं होऊन इंजिन चालू करायची दोरी ओढायला लागलो — दहा वेळा, पंधरा वेळा, घाम निघाला. अक्का शांतपणे म्हणाल्या, "सर, वडू नका. ते न्हाई म्हणून राहिलंय. का न्हाई म्हणतंय ते तरी इचारा त्याला." मग त्यांनी प्लग काढला आणि उन्हात धरला. प्लग ओला असला तर पेट्रोल जास्त झालंय, पुसून घ्यायचा, चोक उघडा ठेवायचा आणि मगच ओढायचं. कोरडा असला तर पेट्रोल पोचतच नाही, टाकीतली नळी बघायची. काळाकुट्ट असला तर मशीनचा श्वास कोंडलाय, हवेचा फिल्टर धुवायचा. एवढ्याशा प्लगकडे बघून त्या सगळं सांगायच्या, आणि ते खरं निघायचं.

फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवून सावलीत वाळवायचा, उन्हात नाही. धुराच्या जाळीवरची काजळी दाताच्या जुन्या ब्रशानं घासायची. नायलॉनची दोरी अक्का पाण्याच्या बादलीत भिजत टाकायच्या. ते कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "कोरड्या पिठाची भाकर कडंला चिरतीया का न्हाई? तसंच हाय ते." आणि खरोखर त्यांची दोरी तुटायची नाही. हंगाम संपला की टाकी रिकामी करून, नळीतला शेवटचा थेंब जळेपर्यंत मशीन चालवून, मगच ते फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. विज्ञानाचा शिक्षक मी, पण त्या मशीनला खरं ओळखणाऱ्या त्या होत्या.

आता बाटलीकडे येतो. यायलाच हवं.

शेतातल्या औषधाची एक लिटरची पांढरी बाटली त्यांनी स्वच्छ धुवून घेतली होती. तिच्यात एक लिटर पेट्रोल, आणि त्यात खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं मोजून चार टोपणं तेल. बाटली पांढरी, जाड — आतला रंग बाहेरून दिसायचा नाही. म्हणून त्यांनी खूण ठरवली होती. तेल घालायचं, बाटली हलवायची, आणि त्यानंतर तिच्या गळ्याला लाल दोरा बांधायचा. पेट्रोल संपलं की दोरा सोडून मनगटावर गुंडाळायचा. बाटलीला दोरा आहे म्हणजे तेल घातलंय. दोरा नाही म्हणजे साधं पेट्रोल. "लिवता येतंय मला," त्या म्हणाल्या होत्या, "पर घाईत वाचतंय कोण? दोरा हाताला लागतोय." हे त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं. मी वाहवासुद्धा केली होती. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायला मला जागा नाही.

एका शनिवारी दुपारी शाळा सुटली. मला लातूरला जायचं होतं आणि मोटारसायकलचं पेट्रोल संपलेलं. पंप चार किलोमीटर लांब. सामानाच्या खोलीत बाटली होती, गळ्याला लाल दोरा. अक्का केव्हाच घरी गेल्या होत्या. मी ती अख्खी बाटली गाडीत ओतली. तेल मिसळलेल्या पेट्रोलानं मोटारसायकलचं फारसं बिघडत नाही, जरा धूर होतो, एवढंच — हेही मला ठाऊक होतं. निलंगा रस्त्याला लागेपर्यंत मागं निळसर धूर निघत होता, आणि मी आरशात तो बघून मनाशी हसलोदेखील. संध्याकाळी परतताना पंपावर ती बाटली भरून घेतली. घेतलेलं परत करायचं, हा आपला शहाणपणा. शाळा उघडली, बाटली जागेवर ठेवली, कुलूप लावलं.

दोरा? दोरा तसाच होता. मी तो सोडलाच नव्हता.

बाटली ठेवताना मला सुचलं होतं — सोमवारी सकाळी अक्कांना सांगायला हवं, की यात तेल घाला. तेव्हाच दोरा सोडला असता तर? दोन बोटांचं काम. पण हातात गाडीची किल्ली होती, आणि भूक लागली होती. सोमवारी परिपाठ झाला, हजेरी झाली, आणि मी विसरलो. साफ विसरलो. पण मी जे कबूल करतोय ते विसरणं नव्हे. विसरतो माणूस.

दुसरा तास चालू होता. बाहेर भिंतीपलीकडे मशीनचा आवाज येत होता, रोजचा, एकसारखा. मग तो हळूहळू बारीक झाला. चढला. आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखी एक किंकाळी येऊन बंद पडला. माझ्या हातातला खडू फळ्यावरच थांबला. त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं. नंतर नाही, विचार करून नाही. त्याच क्षणी.

मी बाहेर गेलो. सरपंच आले, आणखी आठ-दहा माणसं जमली. मशीनची ओढायची दोरी जागची हलत नव्हती, पिस्टन आत घट्ट बसला होता. अक्का गवतात उकिडव्या बसल्या होत्या आणि इंजिनावर हात ठेवायला बघत होत्या, पण ते इतकं तापलं होतं की हात ठेववत नव्हता. सरपंच माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुमी विज्ञानाचे. काय झालं ते सांगा."

मी टाकीचं झाकण उघडलं. बोट बुडवलं, बोटांवर चोळलं. तेलाचा बुळबुळीतपणा नाही, सगळं उडून गेलं. मला हे करायची गरज नव्हती, तरी मी केलं — लोक बघत होते म्हणून. मग मी म्हणालो, "तेल मिसळायचं राहिलेलं दिसतंय."

ते वाक्य पुन्हा एकदा वाचा. त्यात एकही शब्द खोटा नाही. तेल खरंच मिसळायचं राहिलं होतं. कुणाकडून, ते मी म्हणालो नाही. आयुष्यात माझ्या तोंडून बरीच खोटी वाक्यं गेली असतील, पण या खऱ्या वाक्याइतकं खोटं मी कधी बोललो नाही.

अक्कांनी बाटली उचलली. गळ्याचा दोरा बोटानं चाचपला. मला वाटलं, आता त्या मान वर करतील आणि माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही. म्हणाल्या, "दोरा तर हाय." आणि मग हळूच — "मग दोराच आधी बांधला आसंल म्या. तेल ऱ्हायलं."

त्यांना दुसऱ्या कुणाचा संशयही आला नाही. किल्ल्या दोनच, एक त्यांच्याकडे आणि एक सरांकडे. सर कशाला हात लावतील? एकजण म्हणाला, बाईच्या हातात मशीन दिल्यावर दुसरं काय होणार. मागून आणखी एकजण, जरा आवाज खाली घेऊन म्हणाला, त्या आळीला द्यायचंच नव्हतं. तो काय म्हणाला ते मला नीट ऐकू आलं. अक्कांनाही आलं. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. हवं होतं ना?

मी गप्प का बसलो, याचा मी पुष्कळ विचार केलाय. मला कसली शिक्षा होणार होती? काहीच नाही. मंडळी हसली असती, इंजिन शिकवणाऱ्या सरांनीच इंजिन जाम केलं म्हणून चहा होईपर्यंत चेष्टा झाली असती, आणि संध्याकाळी सगळे विसरले असते. तेवढी चेष्टा मला नको होती. माझ्यासाठी ती अर्ध्या दिवसाची थट्टा होती. अक्कांच्या हातातलं तर मशीनच जाणार होतं. हे मला तिथं, गवतात उभा असताना, स्वच्छ दिसत होतं.

मशीन त्यांच्याकडून काढून घेतलं. निलंग्याच्या दुकानातून दुरुस्त होऊन आलं आणि उपसरपंचांच्या पुतण्याकडे गेलं. अक्का पुन्हा विळा घेऊन शाळेभोवती बसल्या. दोन पावसाळे मी खिडकीतून त्यांची वाकलेली पाठ बघितली. रोज बघितली. माझ्याशी त्या पूर्वीसारख्याच बोलायच्या, पोरांची चौकशी करायच्या, शेंगा आणून द्यायच्या. मी त्या खायचो.

पुतण्यानं हंगामाच्या शेवटी टाकी तशीच भरलेली ठेवली. पेट्रोल आत वाळून चिकट झालं, कार्बोरेटर गच्च झाला, आणि मशीन कायमचं बंद पडलं असं सगळ्यांनी ठरवलं. भंगारात जायच्या आधी अक्कांनी ते मागून घेतलं. यात माझा काही वाटा नाही, मी शब्दही टाकला नाही. त्यांनी ते उलगडलं, पोत्यावर ओळीनं मांडलं, बारीक तारेनं एकेक भोक मोकळं केलं. तिसऱ्या दिवशी, दुसऱ्याच तासाला, भिंतीपलीकडून तो रोजचा आवाज आला. मी खडू ठेवून खिडकीशी गेलो. इतका आनंद झाला, आणि इतकी लाज वाटली.

तिथून पुढं त्या थांबल्या नाहीत. शेजारच्या गावाचं मशीन आलं, मग औरादचं, मग कासारशिरसीचं. आता उसातलं, फळबागेतलं, पंचायतींचं, कुठलंही मशीन बिघडलं की लोक त्यांच्या दारात घेऊन येतात. ज्या आळीला द्यायचं नव्हतं, तिथं आज रांगेनं मशीनं ठेवलेली असतात. माणूस असा असावा, असं मला त्यांच्याकडे बघून वाटतं. त्यांचं कौतुक मी चारचौघांत मोठ्या तोंडानं करतो.

आणि आता ते सांगतो, जे गवतातल्या त्या दिवसाहून वाईट आहे.

मी त्यांना वर्गात बोलावलं. इंजिन शिकवायला. मुख्याध्यापकांना वाटलं, सरांचं मन मोठं. खरं तर मला वाटत होतं की एवढा मान दिला की मनावरचं थोडं हलकं होईल. अक्का धुतलेल्या इस्त्रीच्या साडीत आल्या, पोत्यात इंजिन घेऊन. पोरं एवढी शांत माझ्या तासाला कधी बसली नाहीत. शेवटी त्यांनी माझ्याकडे एक कागद मागितला. मी माझ्या वहीचं पान फाडून दिलं. त्यावर त्यांनी दोन थेंब टाकले, एक साध्या पेट्रोलचा आणि एक तेल घातलेल्याचा. साधा थेंब बघता बघता उडून गेला. दुसऱ्याचा डाग राहिला.

"आता मी दोऱ्यावर भरवसा ठेवत न्हाई," त्या पोरांना म्हणाल्या. "आधी कागदावर थेंब टाकते. डाग ऱ्हायला तरच मशीनमधी वतते. का? तर एकदा माझ्या हातून बिनतेलाचं पडलं. लई मोठी चूक. दोरा आधी बांधला म्या. ज्याचं मशीन येतंय त्या परतेकाला मी हे सांगते. लपवायचं कशाला? आपली चूक सांगितली की दुसऱ्याचं मशीन वाचतंय."

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "पर अक्का, तुमचीच चूक हाय हे कळलं कसं तुमाला?"

अक्का हसल्या. माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "सरांनी बघून सांगितलं की. सरांना त्यातलं कळतंय."

सगळ्या वर्गानं माझ्याकडे बघितलं. अभिमानानं. आणि मी मान हलवली.

तेवढंच. काही बोललो नाही, मान हलवली. हो, मी बघून सांगितलं. पहिल्या वेळी मी गप्प बसून त्यांच्यावर चूक ढकलली होती. या वेळी वर्गातल्या सगळ्या पोरांसमोर त्यावर सही केली.

आता माझी बदली जळकोटला झाली आहे. अक्कांचा अधूनमधून फोन येतो. नवीन मशीन आलं, त्याचा प्लग कसा वेगळा आहे, फिल्टर कसा कापडी आहे, हे सांगतात, आणि मी मन लावून ऐकतो. अजूनही त्या येणाऱ्या प्रत्येकाला आपली चूक सांगतात. त्यांच्या मोठेपणाची ही गोष्ट आता पंचक्रोशीत झाली आहे. लोक म्हणतात, बाई एवढी कारागीर, पण गर्व नाही, स्वतःची चूक आधी सांगते. मीही हे ऐकून होकार देतो. ते पान माझ्या कपाटात आहे. एक जागा कोरी, एका जागी डाग.

तुमच्याकडून मला काही नको. खरं काय घडलं ते एकदा कुठंतरी लिहिलेलं असावं, म्हणून लिहितो. त्या शनिवारी बाटलीत तेल होतं. माझ्या गाडीच्या धुरात ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. अक्कांनी चार टोपणं मोजून घातली होती, बाटली हलवली होती, आणि दोरा त्यानंतर बांधला होता.